भुईमूग जीनोम प्रकल्प

भुईमुगाचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यासाठी अमेरिका, चीन, ब्राझील, भारत आदी देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून हाती घेतलेला आंतरराष्ट्रीय प्रकल्प. जॉर्जिया विद्यापीठ आणि हैदराबादजवळील पाटनचेरूची इक्रिसॅट या त्यातील प्रमुख संस्था.

काम किचकट होते. शेतातला भुईमूग चतुर्गुणित आहे. दोन रानटी जातींच्या संकरातून आलेले ‘अ’ आणि ‘ब’ हे उपसंच त्याच्या पेशीत एकत्र नांदतात आणि ते इतके सारखे, की वाचलेला तुकडा नेमका कुठला हे ठरवणेच कठीण. म्हणून आधी दक्षिण अमेरिकेतले ते दोन रानटी पूर्वज, अराकिस ड्युरानेन्सिस आणि अराकिस इपाएन्सिस, स्वतंत्रपणे वाचले गेले. २०१६ मध्ये शोधनिबंध आला. बोलिव्हियात गोळा केलेल्या इपाएन्सिसचा डीएनए ‘ब’ उपसंचाशी ९९.९६ टक्के जुळला. हजारो वर्षांनंतर इतके साम्य टिकणे खरोखर थक्क करणारे आहे. लागवडीच्या ‘टिफरनर’ वाणाचे वाचन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्राशी याचा धागा तांबेऱ्यातून जुळतो. या रोगात पानांच्या खालच्या बाजूस तांबूस पुटकुळ्या येतात आणि पाने करपतात. धारवाडच्या जीपीबीडी-४ वाणातील प्रतिकारक्षमता इक्रिसॅटच्या गटाने जनुकीय खुणांच्या साहाय्याने जळगावच्या जेएल-२४ आणि ट्रॉम्बे-अकोल्याच्या टॅग-२४ या वाणांत उतरवली. कोवळ्या पानाच्या तुकड्यातून डीएनए काढला, की रोग येण्याआधीच रोपाची निवड करता येते. याच पद्धतीच्या पैदाशीतून आलेल्या गिरनार-४ आणि गिरनार-५ या वाणांच्या तेलात ओलेइक आम्ल सुमारे ८० टक्के असते, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही.