एग्-मोर्तचें ख्रिस्तमंदिर

फ्रान्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, दलदल व मिठागरें यांच्या मधोमध, एग्-मोर्त नांवाचें एक लहानसें तटबंदीचें गांव आहे. 'मृत जल' असा या नांवाचा अर्थ. मिठागरांच्या शेजारीं वाढलेल्या आमच्या वाचकांस ती भूमि फारशी परकी वाटणार नाहीं. तेथें वाळूच्या मातेच्या नांवानें एक प्राचीन मंदिर उभें आहे. ज्युबिलीच्या या मंगलप्रसंगीं त्याचा वृत्तांत आम्ही सादर करीत आहों.

भूमध्य समुद्रावर आपलें बंदर असावें, म्हणून फ्रान्सचा राजा नववा लुई यानें १२४० सालीं ही जागा बेनेदिक्तीन मठवाशांपासून मिळविली. मंदिर त्याच शतकाच्या मध्याचें. १२४८ व १२७० सालीं याच बंदरांतून राजा क्रूसयुद्धास निघाला. पहिल्या खेपेस तो मिसर देशांत शत्रूच्या हातीं सांपडला. दुसऱ्या खेपेस ट्यूनिस येथें त्याचें देहावसान झालें. १२९७ सालीं ख्रिस्तसभेनें त्यास संतपद दिलें.

गांवाच्या तटाचें काम १२७२ सालीं, त्याच्या पुत्राच्या कारकीर्दींत, सुरू झालें. म्हणजे मंदिर आधीं, तट मागून. परंतु तटानें मंदिराचें रक्षण केलें काय? १५६६ सालीं प्रॉटेस्टंटांनीं तें लुटलें. १६३४ सालीं घंटाघर कोसळलें. मात्र आमच्या मंदिराची विटंबना सांगतांना दुसरी बाजू झांकणें न्यायाचें नव्हे. याच गांवच्या कॉन्स्टन्स बुरुजांत पुढें कॅथलिक राजांनीं प्रॉटेस्टंट स्त्रियांस कोंडलें. मारी द्युरां ही त्यांपैकींच एक. केवळ स्वमत न सोडल्यामुळें ती १७३० पासून १७६८ पर्यंत, तब्बल ३८ वर्षें, तेथें बंदिवासांत होती.

नंतर राज्यक्रांति झाली. मंदिराची बराक झाली, धान्याचें कोठार झालें, शेवटीं मिठाची वखार झाली. प्रभूनें आपल्या शिष्यांस मिठाची उपमा दिली आहे. येथें मीठ भरपूर होतें, परंतु वेदीपुढें गुडघे टेंकणारें कोणी नव्हतें! १८०४ सालीं तेथें उपासना पुनश्च सुरू झाली. विसाव्या शतकांत जीर्णोद्धार होऊन साधे दगड व लांकडी छप्पर मोकळें झालें, आणि १९९१ सालीं क्लोद व्हियाला या चित्रकाराच्या रंगीत कांचा खिडक्यांत बसल्या.

वाचकहो, तट आजहि अभंग आहे. परंतु मंदिर जिवंत झालें तें तटामुळें नव्हे, तर भाविक पुन्हा वेदीभोंवतीं जमले म्हणून. आपल्या मंदिराच्या भिंतींचा अभिमान बाळगतांना एवढें स्मरणांत असावें.