नोकरी, भांडवल आणि पत

शिकलेल्या तरुणानें नोकरी धरावी कीं धंदा करावा, हा प्रश्न घरोघरीं निघतो. कोल्हापुरांत राजर्षि शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत या दोन्ही वाटा अजमावून पाहिल्या गेल्या.

ज्या समाजांतील मुलांना कचेरीचा उंबरठा परका होता, त्यांच्यासाठीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. पुढें इतर समाजांचींहि वसतिगृहें निघालीं. २६ जुलै १९०२ च्या हुकुमान्वयें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखण्यांत आल्या. परंतु संस्थानांतील जागा त्या किती असणार? धंद्यासाठीं १८९५ सालींच शाहूपुरीची व्यापारपेठ वसविण्यांत आली होती.

पण धंद्याला नुसती पेठ पुरत नाहीं. गंगाराम कांबळे हे सरकारी पागेंतील नोकर. अस्पृश्य असून पाण्याच्या हौदाला शिवले, म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनीं त्यांना भांडवल देऊन स्वतंत्र धंदा करावयास सांगितलें. त्यांनीं भाऊसिंगजी रोडवर चहाचें दुकान काढलें. दुकान निघालें खरें. पण त्यांच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हां महाराज स्वतः दुकानापाशीं गाडी थांबवून चहा घेऊं लागले, बरोबरच्या मंडळींनाहि देऊं लागले. छत्रपतींनीं घेतलेला चहा नाकारणें इतरांस अवघड झालें.

भांडवल कर्जानेंहि मिळतें. पत मात्र दुसऱ्यानें विश्वास दाखविल्यावांचून उभी राहत नाहीं. मुलाला धंद्यांत घालणाऱ्या वडील माणसांनीं पैसे देऊन थांबूं नये. पहिलें गिऱ्हाईकहि आपणच व्हावें.