रस्त्याचे काम रात्री कधी गेले?

निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवायची नाहीत. हा नियम जानेवारी 2010 पासून देशभर लागू आहे. तरीही साताऱ्यातल्या एखाद्या पेठेत किंवा सांगलीच्या एखाद्या उपनगरात विचारून बघा, रस्ता फोडायला ब्रेकर कधी येतो? जेवणं उरकून अंथरुणं पडली की येतो, असंच उत्तर बहुतेक वेळा मिळेल. मग डंपर मागे येतानाचा पी-पी आवाज, खडी ओतल्याचा खडखडाट आणि पहाटेपर्यंत रोलरची घरघर.

आपल्याला याची इतकी सवय झाली आहे की रस्त्याचं काम रात्रीच करायचं असतं, असं वाटू लागलंय. 'दिवसा केलं तर ट्रॅफिकचं काय?' हा प्रश्न आपणच विचारतो आणि आपणच गप्प बसतो. पण ही रीत जुनी नाही. कृष्णेच्या या खोऱ्यात सरकारी पैशाने रस्ते बांधायला लागून दोनशे वर्षं होत आली. त्यातली जवळजवळ दीडशे वर्षं रस्ता सूर्य उगवल्यावर सुरू व्हायचा आणि मावळला की थांबायचा.

सूर्याच्या हुकमातला रस्ता

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी 1818 नंतर आपल्या राज्यात रस्त्यांची कामं काढली. साताऱ्याहून महाबळेश्वरला जाणारा रस्ता त्यांतलाच. ही सगळी कामं हातांची आणि बैलांची. सुरुंग, पहार, कुदळ, घण, पाटी. मुरूम दाबायला धुमस आणि दगडी रूळ. आवाज होताच, पण तो माणसाच्या दंडातून निघायचा. दंड थकला की आवाज थांबे, आणि अंधारात घण चालवला तर स्वतःचाच हात फुटे.

पुढे दुष्काळाने रस्ते बांधले. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळला. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव आणि खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. दुष्काळी कामांवर हजारो माणसं खडी फोडत बसली. त्या घणांच्या आवाजामागची गोष्ट भुकेची होती. 1877 च्या सुरुवातीला सरकारने मजुरी इतकी खाली आणली की कष्ट करणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य आणि एक आणा येई. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. त्या काळच्या रस्त्याबद्दल बरंच वाईट बोलता येईल. पण त्याने रात्र घेतली नव्हती.

1949 मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, विसापूरच्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात हीच कल्पना राज्यभर गेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तुमच्या आजीला विचारा. 'बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली' हे वाक्य या दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत अजून ऐकू येतं. ते कामही उन्हातलंच. संध्याकाळी मोजमाप झालं की बायका घरी.

म्हणजे जुन्या रात्री अगदी शांत होत्या असं नाही. ऊन टाळण्यासाठी बैलगाड्या रात्रीच निघायच्या, त्यांची घुंगरं दूरवर ऐकू यायची. साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने कारभार करणाऱ्या पेशव्यांच्या पुण्यात तर रात्रीची तोफ उडाली की रस्त्यावर फिरायलाच बंदी असे. घाशीराम कोतवालाची दहशत त्याच रात्रींची. ती शांतता लोकांच्या झोपेसाठी नव्हती, बंदोबस्तासाठी होती. झोप हा रयतेचा हक्क आहे असं तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं. पण झोप मोडेल असं यंत्रही कुणाकडे नव्हतं.

रोमने आधी हेच केलं होतं

दिवस मोकळा ठेवण्यासाठी गोंगाट रात्रीत ढकलायचा, ही युक्ती मात्र फार जुनी आहे. इ. स. पूर्व 45 च्या सुमारास, ज्युलियस सीझरच्या काळात, रोम शहरात दिवसा मालगाड्या आणायला बंदी झाली. सूर्योदयापासून दुपार कलेपर्यंत रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी मोकळे. दिवस सुटला आणि रात्र अडकली. दगडी रस्त्यांवरून रात्रभर गाड्या खडखडू लागल्या. दीडशे वर्षांनी जुवेनाल या कवीने आपल्या तिसऱ्या उपहासकाव्यात तक्रार केली, तिचा मथितार्थ असा की या शहरात झोपायचं तर खिशात पैसा हवा. श्रीमंताचं घर रस्त्यापासून आत असतं. भाड्याच्या खोलीला मात्र रस्त्याकडेचीच भिंत मिळते.

हे वाक्य आजच्या हायवेकडेच्या कुठल्याही गावाला लागू पडतं. आणि त्या रोमन कायद्यातली एक तरतूद तर लक्षात ठेवण्यासारखी आहे. देवळांच्या आणि सार्वजनिक बांधकामांच्या सामानाच्या गाड्यांना दिवसाच्या बंदीतून सूट होती. म्हणजे रोमने व्यापाऱ्यांचा माल रात्री पाठवला, पण सार्वजनिक कामाला दिवस दिला. आपण बरोबर उलट करतो.

यंत्र आलं, दिवा आला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणारे रोड रोलर आले. मग दाबलेल्या हवेवर चालणारे ब्रेकर, डिझेलचे रोलर, आणि शेवटी जेसीबी, पोकलेन, पेव्हर. यंत्राचा दंड थकत नाही. जनरेटर आणि हॅलोजनने अंधाराची अडचण संपवली. रात्री काम करता येईल, एवढंच यंत्राने सांगितलं. रात्रीच करा, हे सांगितलं वाहतुकीने.

सुवर्ण चतुष्कोन योजनेतला मुंबई-चेन्नई महामार्ग सातारा आणि कराडवरूनच जातो. रस्ता चौपदरी झाला, मग सहापदरीकरण आलं. साताऱ्यात पोवई नाक्यावर 2018 मध्ये ग्रेड सेपरेटरचं खोदकाम सुरू झालं आणि 2021 मध्ये तो खुला झाला. कराडच्या कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल 2023 मध्ये पाडून नव्या पुलाचं काम हाती घेतलं गेलं. ही कामं उघड्या माळावरची नाहीत. भोवती घरं, दवाखाने, अभ्यास करणारी मुलं. रस्ता बंद ठेवता येत नाही आणि काम थांबवता येत नाही, अशा पेचात प्रत्येक नियोजनाची नजर रात्रीवर जाते. कारण रात्री वाहनं कमी असतात. तेवढ्याच वेळी घरात माणसं सर्वाधिक असतात, हे त्या हिशेबात कुठे मांडलेलंच नसतं.

आवाज मोजता येऊ लागला

18 नोव्हेंबर 1929 ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सांगलीत कृष्णेवरच्या पुलाचं उद्घाटन झालं. तो आयर्विन पूल प्रत्येक सांगलीकराला ठाऊक आहे. पुराचं पाणी किती चढलं हे आजही त्याच पुलापाशी मोजतात. योगायोग असा की त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने आवाजाची पातळी मोजायचं काम हाती घेतलं. शहराने नेमलेल्या आयोगाची गाडी उपकरणं घेऊन रस्तोरस्ती फिरली. डेसिबल हे एकक तेव्हा नुकतंच आलं होतं. 'त्रास होतो' ही तक्रार आकड्यात मांडता येऊ लागली.

हा आकडा थोडा फसवा असतो. 10 डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. भारतातल्या 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात रात्री 40. आता रस्ता फोडणारा ब्रेकर घ्या. 15 मीटरवर तो साधारण 85 डेसिबल आवाज करतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. म्हणजे 30 मीटरवर 79, 60 मीटरवर 73, 120 वर 67, 240 वर 61 आणि 480 मीटरवर 55. मधल्या इमारती काही आवाज अडवतात, हे खरं. पण अडवायला काही नसेल तर जवळजवळ अर्धा किलोमीटर लांबही तो रात्रीच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल वरच असतो. त्यातून निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यामुळे आवाज खाली वळतो आणि आणखी लांब जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये युरोपसाठी रात्रीची सरासरी मर्यादा 40 डेसिबल सुचवली. कारण जाग आली नाही तरी शरीर आवाज ऐकतं: नाडी वाढते, रक्तदाब चढतो, झोप उथळ होते. सकाळी 'मला काही ऐकूच आलं नाही' म्हणणाऱ्याचंही हृदय रात्रभर जागं असतं.

नियम आहे, पण कोणासाठी?

1860 च्या भारतीय दंड संहितेत सार्वजनिक उपद्रव हा गुन्हा होता. 18 जुलै 2005 ला सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर सविस्तर निकाल दिला. नको असलेला आवाज कुणाच्या कानावर लादता येत नाही, शांततेत जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्याचं सार. पण बातम्या झाल्या त्या लाऊडस्पीकरच्या आणि फटाक्यांच्या. त्यानंतर 2010 ची दुरुस्ती आली आणि तिने बांधकामाच्या यंत्रांचं नाव घेतलं.

या नियमांतल्या दोन गोष्टी फारशा कुणी सांगत नाही. पहिली: सणावारी लाऊडस्पीकर बारापर्यंत वाजवू द्यायला राज्य सरकारकडे वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवसांची सवलत आहे. बांधकामाच्या यंत्रांच्या कलमात अशी सवलत नाही. दुसरी: एरवी आवाज मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त आहे हे तक्रारीसाठी महत्त्वाचं ठरतं, पण रात्रीच्या बंदीचा भंग होत असेल तर तेवढ्यावरही तक्रार करता येते. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप बरोबर की चूक, हा वादच तिथे उरत नाही. घड्याळ पुरतं.

हा नियम नुसता कागदावर राहिला असंही नाही. मुंबईत मेट्रो-3 च्या कामाने कफ परेडच्या रहिवाशांची झोप उडाली, तेव्हा ऑगस्ट 2017 मध्ये उच्च न्यायालयाने रात्री दहा ते सहा काम थांबवलं. प्रकल्प लांबेल, असं मेट्रो कंपनीचं म्हणणं होतं. वर्षभराने, 2018 मध्ये, अटी घालून रात्रीच्या कामाला परवानगी मिळाली. अंतिम निकालापेक्षा मधलं वर्ष महत्त्वाचं. भुयारी मेट्रोसारख्या अवाढव्य कामालाही झोपेचा हिशेब मांडावा लागला. पण ते कफ परेड होतं, वकील परवडणारं. मलकापूरच्या किंवा माधवनगरच्या भाड्याच्या खोलीतून उच्च न्यायालय लांब पडतं. जुवेनालचा मुद्दा तोच होता.

खरी कारणं आणि सोय

रात्रीच्या कामामागे काही कारणं खरी असतात. उन्हाळ्यात काँक्रीट दिवसा टाकलं तर पाणी लवकर उडून तडे जातात, म्हणून ते गारव्यात टाकतात. महामार्गावर वर्दळीत काम करणं मजुरांच्या जिवावर बेतू शकतं. फुटलेली जलवाहिनी सकाळपर्यंत थांबत नाही. पण डांबराचं उलट आहे. ते गरम असतानाच दाबावं लागतं, थंड हवेत ते लवकर आवळतं. आणि जुना रस्ता फोडायला तर रात्रच हवी असं कुठलंही तांत्रिक कारण नाही. तिथे कारण एकच, वाहनांची सोय. त्यामुळे सगळं कामच बंद करा, असं म्हणायची गरज नाही. फोडाफोडी दहाच्या आत संपवा, रात्र ज्याला खरोखर लागते तेवढंच मागे ठेवा आणि तेही आधी तारीख सांगून. एवढं मागता येतं. हे निविदेतच लिहिलेलं असेल तर ठेकेदार त्याचा खर्च धरतो. लिहिलेलं नसेल तर तो खर्च आपण झोपेतून भरतो.

या हिशेबात आणखी एक माणूस राहून जातो. ब्रेकर धरून उभा असलेला मजूर. त्याची रात्र तर पूर्ण जाते, आणि दिवसा पत्र्याच्या शेडमध्ये, रहदारीच्या कडेला त्याला झोप लागायची असते. 1877 च्या दुष्काळी कामावर अर्धपोटी खडी फोडणाऱ्यालाही सूर्य मावळला की सुट्टी होती. ती त्याला कुणी दयेने दिली नव्हती, अंधाराने दिली होती. आता अंधार कुणाला सोडवत नाही. ते काम 2010 च्या नियमावर आलं आहे, आणि नियम काही आपोआप मावळत नाही. तो कुणीतरी दहा वाजता फोन करून सांगावा लागतो.