पुढे कोण उभं राहणार?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. तुमच्या घरातली तरुण मुलं रविवारी टेबलाभोवती बसून चित्रविचित्र आकाराचे फासे टाकत असतील, तर "फायटर कोण घेणार?" हा प्रश्न कानावर आला असेल. या खेळात प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि सगळ्यांनी मिळून संकटातून वाट काढायची. पात्राचा जो पेशा, त्याला म्हणतात क्लास. (शाळेतला नव्हे!) तलवार घेऊन सर्वांच्या पुढे उभा राहतो तो फायटर. जादूगार व्हायला हात पटकन वर होतात. फायटरची वेळ आली की मंडळी एकमेकांकडे बघतात. असं का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथला गॅरी गायगॅक्स विम्याची नोकरी गेल्यावर बूट दुरुस्त करून संसार चालवत होता, आणि फावल्या वेळात छोट्या बाहुल्यांच्या लढाया खेळत होता. १९७१ मध्ये त्याने जेफ पेरेनबरोबर 'चेनमेल' हे लढाईच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्यात एक बाहुलं म्हणजे वीस शिपाई! शिपायाला ना नाव, ना गाव. मात्र पुस्तकाच्या शेवटी अद्भुत पात्रांचे नियम होते. त्यांत चार जणांच्या तोडीचा 'हीरो' होता आणि आठ जणांच्या तोडीचा 'सुपरहीरो'.

मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनने खेळाडूच्या हाती सैन्य न देता एकच माणूस दिला. त्यातून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जन्मला. पहिल्या छपाईच्या प्रती फक्त १०००. पेशे तीनच: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. लढवय्या पहिल्या पायरीवरच 'व्हेटरन', म्हणजे मुरलेला शिपाई; चौथ्या पायरीवर हीरो, आठव्या पायरीवर सुपरहीरो. सैन्यातला तो बिननावाचा शिपाई असा माणसात आला.

खरी गंमत पुढेच आहे. नवशिक्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. तो संपला की लढवय्याच्या पाठीमागे लपायचं. पण पायऱ्या चढता चढता जादूगार इतका प्रबळ होतो, की त्याला जगवणारा लढवय्या त्याच्यापुढे फिका पडतो. ज्याला पाठीशी घातलं तोच पुढे निघून जातो! नाखुशीचं मूळ मला इथे दिसतं.

१९८१ च्या 'विझार्ड्री' या संगणकावरच्या खेळात सहा जणांची तुकडी असे. तलवार चालायची ती फक्त पुढच्या तिघांची, म्हणून पुढची रांग भक्कम ठेवणं भागच. २००८ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची चौथी आवृत्ती आली. तिच्यात फायटरने हेरून ठेवलेल्या शत्रूने त्याला सोडून दुसऱ्यावर वार केला, तर त्या शत्रूचाच नेम बिघडे. दुसऱ्यांना सांभाळणं हे त्याचं काम प्रथमच इतकं स्पष्ट नियमात लिहिलं गेलं.

आता शेवटची गोष्ट. २०१७ मध्ये 'डी अँड डी बियाँड' या संकेतस्थळावर लोकांनी बनवलेल्या पात्रांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. पऱ्या, बुटके, राक्षस, जादूगार असं सगळं हाताशी असताना सर्वांत जास्त पात्रं निघाली कोणती? साधा माणूस, पेशा फायटर!

म्हणजे एकमेकांकडे बघून झालं, तरी कुणीतरी उठून पुढे उभं राहतंच. हे वाचून मला फार बरं वाटलं.