शिक्का, अक्षर आणि विद्यापीठ

एकाद्या निर्णयावर ‘शिक्कामोर्तब झालें’ असें मराठी माणूस सहज बोलून जातो. हे दोन शब्द मूळचे दफ्तरांतील होत. मराठेशाहींतील पत्राच्या शिरोभागीं शिक्का उमटे व मजकूर संपला कीं अखेरीस मोर्तब उमटे. शिक्क्यावरून पत्र कोणाचें तें कळे. मोर्तबानें लेखनाची मर्यादा ठरे, म्हणजे त्याखालीं मागाहून कोणी चार ओळी घुसडूं नयेत. आजचीं विद्यापीठें आपलें बोधचिन्ह, आपले रंग व आपलें अक्षरवळण सर्वत्र एकसारखेंच असावें म्हणून जे नियम करितात, त्यांचें मूळ याच जुन्या व्यवहारांत आहे. त्या व्यवहाराचा इतिहास छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, या शहराच्या परिसरांत चांगला वाचावयास मिळतो.

शहराजवळचा देवगिरीचा दुर्ग ही यादवांची राजधानी. यादवांचें लांछन सुवर्णगरुड. ध्वजावर गरुड, ताम्रपटांच्या मुद्रेवरही गरुड. आणि सोन्याच्या नाण्यांवर कमळ, म्हणून त्यांस पद्मटंक म्हणत. दानपत्रांतील संस्कृत मजकूर गांवच्या कुणब्यास वाचतां येवो वा न येवो, गरुड त्यास ओळखतां येई. चिन्हाचें पहिलें काम हेंच, कीं ज्याला वाचतां येत नाहीं त्यालाही खरेंखोटें कळावें.

त्याच दुर्गाच्या छायेंत या कामाची फजितीही झाली. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें देवगिरीस राजधानी आणिली. दौलताबाद हें नांव तेव्हांपासून रूढ झालें. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच त्यानें तांब्या-पितळेचीं नाणीं पाडून तीं चांदीच्या टंक्याच्या मोलानें घ्यावींत असें फर्माविलें. दौलताबादच्या टांकसाळींतही हीं नाणीं पाडलीं गेलीं. कल्पना सर्वस्वीं वेडगळ नव्हती. चीनमध्यें कुब्लाई खानानें कागदी चलन चालविलें होतेंच. परंतु त्या कागदांवर सरकारी शिक्के असत आणि नक्कल करणाऱ्यास देहांताची शिक्षा असे. तुघलकाच्या नाण्यांवर सुलतानाचें नांव होतें, आज्ञापालनाचा उपदेशही होता. मात्र सरकारी टांकसाळीचें काम कोणतें व गल्लींतल्या तांबटाचें कोणतें, हें सांगणारी खूण त्यांवर नव्हती. पाहतां पाहतां खोटीं नाणीं बाजारांत भरलीं, व्यापारी तीं घेईनात, आणि अखेर सुलतानास तीं परत घेऊन खजिन्यांतून खरें सोनें-चांदी मोजावें लागलें. ज्या चिन्हाची राखण होत नाहीं, त्याची किंमत त्याच्या धातूइतकीच उरते.

तिसरा धडा दौलताबादेपासून जवळच असलेल्या वेरूळच्या भोसले घराण्याचा. शहाजीराजांचा शिक्का फारसी होता. शिवाजी महाराजांनीं अष्टकोनी संस्कृत मुद्रा घेतली. हा बदल मोठा होता. पण एकदां केल्यावर तो पुन्हां हलला नाहीं. १६७४ सालीं राज्याभिषेक होऊन पदवी बदलली, तरी मुद्रा तीच राहिली. बदल करावयाचा तो विचारपूर्वक करावा आणि मग त्यास चिकटून राहावें, हें या मुद्रेचें सांगणें.

विद्यापीठें हीं या दृष्टीनें लहान राज्येंच होत. पदवी हें त्यांचें नाणें. सनद देणारा विद्वान् पुढें निघून जातो, सनद घेणारा दूर देशीं नोकरी शोधतो. मधला सारा विश्वास कागदावरील नांव, चिन्ह व अक्षर यांवर उभा असतो. रंगाचेंही तसेंच. १८३६ सालीं ऑक्सफर्डशीं झालेल्या नौकाशर्यतींत केंब्रिजच्या नावेस फिकट निळी फीत बांधली गेली. तेव्हांपासून तो रंग त्या विद्यापीठाचा झाला, आणि गडद निळा ऑक्सफर्डचा.

औरंगाबादच्या विद्यार्थ्याच्या हातीं पूर्वीं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची सनद पडे. १९१८ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठाचें शिक्षण उर्दूंत चाले, व आरंभींच्या बोधचिन्हांत निजामाचा मुकुट आणि अरबी वचन होतें. संस्थान गेल्यावर तेथें तेलुगू व संस्कृत अक्षरें आलीं. मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्तें औरंगाबादेंत मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें. पहिले कुलगुरु एस. आर. डोंगरकेरी. ज्या प्रांतास आपल्या भाषेच्या शिक्षणासाठीं झुरावें लागलें, त्याच्या मुलांच्या सनदेवर आतां त्याचें स्वतःचें नांव आलें.

पुढें हेंच नांव महाराष्ट्राच्या कसोटीचा विषय झालें. याच शहरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० सालीं महाविद्यालय काढून दलितांस उच्च शिक्षणाचें दार उघडलें होतें. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळानें विद्यापीठास त्यांचें नांव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरें जळलीं, माणसें मेलीं. १९७९ सालीं नागपुराहून औरंगाबादेकडे लाँग मार्च निघाला. सोळा वर्षांनीं, १४ जानेवारी १९९४ रोजीं, तें नांव लागलें. पण पहिलें पुसून नव्हे. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. दरवर्षीं त्या दिवशीं प्रवेशद्वारापाशीं लोक निळे झेंडे घेऊन येतात. १९४२ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्याचा तो रंग. कोणत्याही कचेरीच्या परिपत्रकावांचून तो लोकांनीं त्या द्वाराशीं जोडून दिला आहे.

हा इतिहास ध्यानीं घेतला म्हणजे नांव व चिन्ह एकसारखें वापरण्याचा आग्रह कारकुनी वाटत नाहीं. बोलतांना लोक ‘बामु’ म्हणतात. सोईसाठीं तें ठीक. परंतु फलकावर, सनदेवर, प्रश्नपत्रिकेवर नांव तोडलें तर कोणता तरी अर्धा इतिहास तुटतो. नुसतें ‘मराठवाडा विद्यापीठ’ लिहिणें तर १९९४ पासून संदिग्धही झालें आहे. कारण त्याच सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालें, आणि तोच शब्द दोन नांवांत आला.

अक्षरवळणाचीही हीच गोष्ट. मुंबईंत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानें देवनागरी टाइपाला जें सुबक रूप दिलें, त्यानें मराठी डोळ्यांस वळण लावलें. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ रोजीं वर्णमालेचें प्रमाण ठरवितांना ‘ल’ व ‘श’ यांचीं मराठी वळणें निश्चित केलीं. आज संगणकावर कोणासही चिन्ह ताणतां येतें, रंग फिका करतां येतो, हवा तो टाइप घालतां येतो. तांबटाची भट्टी आतां प्रत्येक मेजावर आहे. म्हणून विद्यापीठानें मूळ नमुना एकच ठेवावा, त्याचीं मापें व रंग लिहून द्यावेत, आणि प्रत्येक विभागानें व संलग्न महाविद्यालयानें तोच उचलावा.

खेड्यांतील पहिल्या पिढीचा पदवीधर परक्या शहरांत सनद पुढें करितो, तेव्हां ती पाहणाऱ्यास त्याचें गांव ठाऊक नसतें, घराणें ठाऊक नसतें. त्याच्यासाठीं साक्ष देणारा तो शिक्काच असतो, आणि साक्षीदारानें दर वेळीं निराळें बोलून चालत नाहीं.