केडगावच्या विहिरी : मुक्ती वसाहतीचा आरंभकाळ आणि तिची श्रद्धा

पंडिता रमाबाईंविषयीची मराठीतील चर्चा बहुतांशी त्यांच्या धर्मांतराभोवती, शारदा सदनावरून पेटलेल्या वादाभोवती आणि विधवांच्या शिक्षणाभोवती फिरत आली आहे. त्यांनी केडगावच्या उजाड माळावर एक संपूर्ण वसाहत उभी केली, तिच्या विहिरी खणवल्या, फळबाग लावली, गोठा, घाणा, हातमाग आणि छापखाना चालवला, ही बाजू मात्र चरित्रांतून एखाद्या परिच्छेदात आटोपली जाते. वास्तविक रमाबाईंच्या ख्रिस्ती श्रद्धेला जो विशिष्ट आकार आला तो प्रवचनांतून किंवा धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून जितका आला, तितकाच या माळावरच्या पाण्याच्या, धान्याच्या आणि छपराच्या रोजच्या विवंचनेतून आला, आणि म्हणून त्या श्रद्धेचा इतिहास लिहायचा तर तो जमिनीपासून लिहावा लागतो.

वस्तीपासून दूर, स्वतःच्या हिमतीवर घर उभारण्याचा प्रयोग रमाबाईंच्या घराण्याला नवा नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्याच्या रामचंद्रशास्त्री साठे यांचे शिष्य होते. गुरू पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवत असल्याचे त्यांनी पाहिले, आणि आपल्या पत्नीलाही ते शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. समाजाचा विरोध झाला तेव्हा ते पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात गेले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते आणि जवळपास वाघाचा वावर होता. लक्ष्मीबाई पासोडी पांघरून जमिनीवर पडून राहिल्या आणि अनंतशास्त्र्यांनी जागून पहारा केला, असे सांगितले जाते. त्या रानात झोपडी झाली, मग घर झाले, विद्यार्थी आणि अतिथी येऊ लागले, आणि १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म तिथेच झाला. परंतु आल्यागेल्याचे आतिथ्य उत्पन्नाला झेपेना. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले आणि तीर्थयात्रेची भटकंती सुरू झाली. १८७०च्या दशकातील दुष्काळात याच भटकंतीत आई, वडील आणि मोठी बहीण यांचा उपासमारीने अंत झाला. भुकेचा हा अनुभव रमाबाईंना आयुष्यभर पुरला, आणि केडगावची वसाहत समजून घेताना तो नजरेआड करता येत नाही.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. या सदनाचा खर्च अमेरिकेतील रमाबाई असोसिएशन ही बॉस्टनमध्ये स्थापन झालेली संस्था चालवीत असे, आणि तिने साहाय्याचे वचन दिले होते ते दहा वर्षांपुरते. ही मुदत १८९८ मध्ये संपणार होती. म्हणून १८९०च्या दशकाच्या मध्यावर रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेस, रेल्वेमार्गावरील केडगाव येथे (हे गाव आजच्या दौंड तालुक्यात आहे) सुमारे १०० एकर जमीन घेतली आणि तिथे फळबाग लावण्यास सुरुवात केली. बागेच्या उत्पन्नावर सदन स्वावलंबी व्हावे, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. हा हिशेब शहाणपणाचा होता आणि त्यात गूढ असे काहीच नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण नंतरच्या भक्तिपर लेखनात केडगावची भूमी जणू आरंभापासूनच चमत्काराची भूमी होती असे चित्र रंगवले गेले. त्या चित्रामुळे एका दूरदृष्टीच्या स्त्रीचे व्यवहारज्ञान झाकले जाते.

हा हिशेब मोडला तो दुष्काळाने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात अन्नान्नदशा झाली तेव्हा रमाबाई तिथे गेल्या आणि अनाथ मुली व बालविधवा मिळून सुमारे ३०० जणींना घेऊन आल्या. याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला आणि सरकारी निर्बंधांमुळे सदनात नव्या मुलींना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा या सगळ्याजणींना केडगावच्या शेतावर न्यावे लागले. तिथे त्या वेळी इमारती नव्हत्या. तात्पुरते निवारे उभारून राहण्याची सोय करावी लागली. जी जमीन एका छोट्या शाळेला पैसा मिळवून देण्यासाठी घेतली होती, तिच्यावर झाडे फळाला येण्याआधीच शेकडो उपाशी माणसे येऊन बसली. सप्टेंबर १८९८ मध्ये ‘मुक्ती’ या नावाने वसाहतीचे विधिवत समर्पण झाले, आणि १८९९-१९०० च्या छप्पनियाच्या दुष्काळात (विक्रम संवत १९५६ वरून गुजरातेत हे नाव पडले) गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्यावर लोकसंख्या २,०००च्या जवळ पोहोचली.

इथे विश्वासावर चालणारे मिशन ही संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक ख्रिस्ती मिशनांच्या मागे परदेशातील एखादे मंडळ असे. ते कार्यकर्त्यांना ठरावीक वेतन देई आणि धोरणही ठरवी. याउलट काही संस्थांनी असे मंडळ नाकारले, कर्ज काढायचे नाही आणि कोणापुढे पैशासाठी हात पसरायचा नाही असा नियम केला, आणि जी गरज असेल ती फक्त प्रार्थनेत देवापुढे मांडायची असे ठरवले. ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर यांनी १८३६ पासून चालवलेली अनाथगृहे आणि हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये स्थापन केलेले चायना इनलँड मिशन ही याची ठळक उदाहरणे होत. या दोघांची चरित्रे रमाबाईंनी वाचली होती आणि भारतातही असे करता येईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात या वाचनातून उभा राहिला, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे. साक्ष म्हणजे देवाने आपल्या जीवनात काय केले याचे जाहीर निवेदन. ख्रिस्ती समाजात तिला आत्मचरित्राइतकेच मोल असते.

या तत्त्वाला एक बाजू आहे ती टीकाकारांनी वेळोवेळी दाखवली आहे. गरजांचे आणि पुरवठ्याचे वृत्तांत छापून परदेशातील वाचकांपर्यंत पोहोचवणे हेही एका अर्थी मागणेच होय, आणि म्यूलर काय किंवा रमाबाई काय, दोघांचेही वृत्तांत असे पोहोचतच होते. हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्यामुळे तत्त्व पोकळ ठरत नाही, कारण त्याचा खरा परिणाम पैशाच्या ओघावर होत नव्हता, तो सत्तेच्या वाटणीवर होत होता. ज्या संस्थेला ठरावीक रक्कम देणारा धनी नसतो तिला त्या धन्याच्या अटीही नसतात, आणि शारदा सदनाच्या धार्मिक धोरणावरून एकीकडे पुण्यातील सुधारक सल्लागार व दुसरीकडे अमेरिकेतील आश्रयदाते यांच्या कात्रीत सापडलेल्या रमाबाईंना ही मोकळीक किती हवीशी वाटली असेल हे उघड आहे. मुक्तीमध्ये काय शिकवायचे, कोणाला घ्यायचे आणि कोणत्या रीतीने उपासना करायची हे एक भारतीय स्त्री ठरवीत होती, आणि त्या काळच्या मिशनांच्या जगात ही गोष्ट अपूर्व होती.

माळावर हे सारे तगले ते पाण्यामुळे. केडगावचा परिसर पर्जन्यछायेचा आहे. सह्याद्रीवर पाऊस रिता करून आलेले ढग इथे हात आखडता घेतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा प्रदेशात बागायत करायची तर विहीर खणणे आणि बैलांच्या मोटेने पाणी ओढून पाटाने झाडांना देणे हाच मार्ग होता. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. बैल धावेवरून उतरत गेले की ती भरून वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते. मुक्तीत विहिरी खणल्या गेल्या, आणि १९००च्या अवर्षणात त्यांचीच परीक्षा झाली. माणसे दोन हजारांच्या घरात, शिवाय जनावरे, भाजीचा मळा आणि चालू असलेले बांधकाम, या सगळ्यांचा भार मोजक्या विहिरींवर होता. संध्याकाळपर्यंत तळ खरवडून निघे, उद्या झाडांना आणि माणसांना काय द्यायचे हा प्रश्न कामगार विचारीत, आणि सकाळी त्या दिवसाला पुरेल इतके पाणी पुन्हा जमलेले असे, असे रमाबाईंनी नोंदवले आहे. भूजलाचा जाणकार याला पाझर म्हणेल: रात्री उपसा थांबला की खडकाच्या भेगांतून पाणी झिरपून पातळी वर येते. रमाबाईंनी त्यात देवाचे उत्तर पाहिले. या दोन वाचनांत विरोध मानण्याचे कारण नाही, कारण रमाबाईंच्या लेखी पाझर हाही देणाऱ्याच्याच हातचा होता. महत्त्वाचे हे की पाणी साठून राहात नव्हते. अरण्यातील इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना, म्हणजे स्वर्गातून पडणारे अन्न, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर नासत असे, ही निर्गमाच्या पुस्तकातील कथा प्रत्येक ख्रिस्ती मूल शिकते. मुक्तीच्या मुली ती विहिरीच्या काठावर शिकल्या. स्वावलंबनासाठी घेतलेल्या जमिनीने शेवटी स्वावलंबनाची हमी दिली नाही, तिने रोजच्या रोज मागण्याची सवय लावली, आणि रमाबाईंच्या विश्वासाचे मर्म या उलटापालटीत आहे.

मागणे म्हणजे बसून राहणे मात्र नव्हे. ज्या मुली हाडांचे सापळे होऊन आल्या होत्या त्यांना आधी खाऊ घालायचे, मग अक्षरओळख करून द्यायची आणि त्याबरोबर हाताला काम शिकवायचे, असा क्रम होता. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, स्वयंपाक, रुग्णसेवा असे विभाग होते. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि अंधांसाठी बार्तिमी सदन निघाले, आणि अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली गेली. ज्या समाजात उच्च जातीची विधवा घरात कोंडलेली आणि श्रमाची कामे जातींत वाटलेली होती, तिथे वेगवेगळ्या जातींच्या स्त्रियांनी एका पंगतीला जेवून एकमेकींच्या कामाला हात लावणे ही कोणत्याही प्रवचनाहून मोठी शिकवण होती. या शिकवणीला ख्रिस्ती श्रद्धेचा आधार होता हे नाकारता येत नाही; तसेच या स्त्रियांवर धर्म लादला गेला का, हा तेव्हाच्या टीकाकारांनी विचारलेला प्रश्नही नाकारून चालत नाही. संकटात आलेल्या आणि अन्नासाठी एका संस्थेवर अवलंबून असलेल्या मुलीची निवड कितपत मोकळी असते, याचे उत्तर रमाबाईंच्या हेतूच्या शुद्धतेवरून देता येत नाही.

१९०५ मध्ये मुक्तीत जे संजीवन झाले, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेतून उसळलेले धार्मिक चैतन्य, त्याची ख्याती जगभर गेली आणि पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात त्याला स्थान मिळाले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने इथे विस्तार नको.

त्याहून कमी लक्ष गेले ते छापखान्याकडे. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून मूळ ग्रंथांवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले आणि आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे त्याला दिली. या ग्रंथाचे खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे आणि छपाई करणे ही कामे वसाहतीतच, तिथे शिकून तयार झालेल्या स्त्रियांनी केली. त्यांतील अनेकजणी दुष्काळातून आलेल्या, अक्षरशत्रू अशा मुली होत्या. जुलै १९२१ मध्ये कन्या मनोरमा यांचे निधन झाले तरी रमाबाईंचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः निवर्तल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते, आणि १९२४ मध्ये केडगावच्या त्या माळावरून संपूर्ण मराठी बायबल छापून बाहेर पडले.