मढचा किल्ला आणि ऐयारांची कादंबरी

वेसाव्याहून तरीनें खाडी ओलांडली म्हणजे थोड्याच वेळांत मढचा किनारा लागतो. गतवर्षीं हिंवाळ्यांत आम्ही सहकुटुंब त्या तरींत बसलों असतां तांडेलानें पलीकडच्या टोंकाकडे बोट करून सांगितलें, "सायेब, तिकडं चंद्रकांताचा किल्ला हाय." आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा, तथापि त्या वाक्यांत भर घालण्यासारखें आमच्याजवळ त्या क्षणीं कांहींच निघालें नाहीं. ती लाज मनांत राहिली, आणि तिच्यापोटीं आम्हीं दोन गोष्टी केल्या. किल्ल्याची हकीकत शोधली, आणि जी कादंबरी तीस वर्षें टाळली होती, ती वाचून काढली.

तांडेलाचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. १९९४ सालीं दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं 'चंद्रकांता' ही नीरजा गुलेरी यांची मालिका सुरू झाली. तिच्या चित्रीकरणासाठीं मढच्या या किल्ल्याचा उपयोग करण्यांत आला होता. आम्ही त्या वेळीं नुकतेच महाविद्यालयांत शिकवूं लागलों होतों. घरांत, शेजारीं, सर्वत्र ती मालिका एकत्र बसून पाहिली जात असे. अखिलेंद्र मिश्र यांनीं रंगविलेल्या क्रूरसिंहाच्या त्या जाड भुंवया आणि 'यक्कू' हा उद्गार मुलांच्या खेळांत शिरला होता. आम्हीही ती आवडीनें पाहत होतों. परंतु जिच्यावरून ती रचली, ती कादंबरी मात्र आम्हांस वाचण्याच्या योग्यतेची वाटली नाहीं. कॉनन डॉइल व जॉन बकन यांचीं पुस्तकें आम्ही उघडपणें वाचीत होतों; देवकीनंदन खत्री यांचें पुस्तक हातीं धरण्याचा संकोच वाटे. हा दोष आमच्या शिक्षणाचा म्हणावा कीं आमचा, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

पडद्यावर लोकप्रिय झालेल्या हेरकथेवरून मागाहून पुस्तकें निघावीं, ही रीत अमेरिकेंत चांगलीच रुळली होती. 'द मॅन फ्रॉम अंकल' ही हेरांची मालिका १९६४ त सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षीं तिच्यावरील कादंबऱ्या बाजारांत आल्या. मालिकेंतील दुष्ट संघटनेच्या 'थ्रश' या नांवाची फोड पडद्यावर कधीं झाली नाहीं. ती एका कादंबरीकारानें करून टाकली. पडद्यानें मोकळी ठेवलेली जागा पुस्तकानें भरली. आपल्याकडे प्रवास उलट झाला. पुस्तक आधीं, आणि पडदा शंभर वर्षांनीं.

खत्री यांचा जन्म १८६१ चा. चकिया व नौगढ येथील जंगलांचे ठेके त्यांनीं घेतले होते, आणि त्या रानांतील पडके किल्ले व गुहा हिंडून पाहिल्या होत्या. 'चंद्रकांता' १८८८ त बाहेर आली. ती वाचावयास मिळावी म्हणून पुष्कळ लोक हिंदी शिकले, असें हिंदी वाङ्मयाच्या इतिहासांत नमूद आहे. प्रास्ताविकांत लेखक आपला हेतु स्पष्ट सांगतो: राजदरबारीं पूर्वीं ऐयार नांवाचे लोक असत, वेष पालटणें, औषधें जाणणें, धांवणें, गाणें, हेरगिरी करणें या सर्व विद्या त्यांस अवगत असत, त्यांचें वर्णन हिंदींत कोणीं केलें नव्हतें, तें करावें. हा ऐयार शब्द फार दूरचा आहे. मध्ययुगीन इराण-इराकांत ऐयार म्हणजे शस्त्रधारी बंधुसंघांतील माणूस. सीस्तानचा याकूब इब्न लैस हा नवव्या शतकांतील राजा मूळचा त्यांपैकींच. पुढें अमीर हमजाच्या दास्तानांतून तो विदूषक व जादूगारांचा प्रतिस्पर्धी होऊन लखनौस आला, आणि तेथून खत्रींच्या रानांत शिरला.

कादंबरी वाचतांना पहिलें आश्चर्य वाटलें तें तिच्या साधेपणाचें. मालिकेंत महाल, तलवारी व चमत्कार यांची गर्दी. पुस्तकांत आरंभीं सायंकाळच्या निर्जन मैदानांत खडकावर बसून बोलणारे दोनच पुरुष, वीरेंद्रसिंह व त्याचा ऐयार तेजसिंह. ऐयाराची सारी सामग्री एका बटव्यांत मावते. गुंगीची पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा, रंग, आणि तटावर चढण्याची कमंद. चपला ही स्त्री असूनही या कामांत पुरुषांच्या बरोबरीची आहे. दोषही आहेत. माणसें इतक्या वेळां बेशुद्ध पडतात कीं वाचकानें गणती सोडून द्यावी. स्वभावचित्रें उथळ आहेत. परंतु एक नियम आम्हांस विशेष वाटला. ऐयार पकडला गेला तर त्याला कैद करावें, ठार मारूं नये. म्हणून तेथें झुंज बुद्धीची राहते, आणि शत्रूकडील बद्रीनाथासारखा ऐयार पुढें वीरेंद्रसिंहाच्या पदरीं येऊं शकतो.

खऱ्या हेराच्या वांट्यास असें अभय कधीं आलें नाहीं, आणि येथेंच मढचा किल्ला पुन्हां आठवतो. हा मूळचा पोर्तुगीजांनीं बांधलेला, वेसाव्याचा किल्ला म्हणूनही ओळखला जाणारा. साष्टी १७३७ त मराठ्यांच्या हातीं आली. चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत १७३९ त हा किल्ला व त्याच वर्षीं वसई पडली. १७७४ त इंग्रजांनीं तो घेतला. या मोहिमेपूर्वीं पोर्तुगीज मुलखांतील बातमी पेशव्यांस पोहोंचविणारे, आंतील लोकांचीं मनें वळविणारे भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु होते. सांपडते तर त्यांस कैदेवर सोडण्याचा नियम कोणींही पाळला नसता.

बहिर्जी नाइकांचीही गोष्ट तीच. जिंजी येथें लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत सुरतेची बातमी आणणारा म्हणून त्यांचा उल्लेख येतो तो अगदीं थोडका. रूप, वेष, युक्त्या यांविषयीं अवाक्षर नाहीं. त्यांचें आज आपल्या डोळ्यांपुढें उभें राहणारें चित्र बहुतेक कादंबऱ्यांनीं, नाटकांनीं व पडद्यानें रंगविलेलें आहे. काम चोख करणारा हेर मागें कागद ठेवीत नाहीं. म्हणून इतिहासकार त्याच्यापाशीं थबकतो आणि कादंबरीकार पुढें होतो. त्याबद्दल कादंबरीकारास बोल लावणें अन्यायाचें होईल. बोल लागतो तो आमच्यासारख्यांस. जेवढें ठाऊक आहे तेवढें तरी आम्हीं लोकांस कोठें सांगितलें?

पावसाळ्यापूर्वीं आम्ही पुन्हां मढास गेलों. किल्ला वायुदलाच्या ताब्यांत आहे व परवानगीवांचून आंत जातां येत नाहीं. बाहेरून तट व बुरूज धड दिसतात. आंत मात्र बहुतेक पडझड आहे. परततांना तोच तांडेल भेटला. आम्हीं त्याला गंगाजी नाइकांची सारी हकीकत ऐकविली. त्यानें ती मन लावून ऐकली, सुकाणूवरचा हात न काढतां क्षणभर विचार केला आणि विचारलें, "मंग सायेब, त्यांच्यावर कुणी शिरेल का नाय काढली?"

वेसावें येईपर्यंत आम्ही उत्तर शोधीत होतों.